नूतीची अंगणाकडची बाजू

१

दाल्गोक शहरातल्या थोरल्या नूतीच्या झाडावर कोणीतरी विषप्रयोग केला आहे, ही वार्ता प्रथम महिला मंडळाची अध्यक्ष गुक सुन्ये हिने दिली. आणि सुन्येने दिलेली वार्ता न्याहारीची भांडी विसळून होण्याआधी सगळ्या शहराची होते, असा तिथला शिरस्ता आहे.

प्यो ओकरान त्या वेळी परसात कांद्याच्या पातीला पाणी घालीत होत्या. शहराच्या झाडांवर सारी उमेद खर्च करून त्या निवृत्त झाल्या होत्या. तरीही दाल्गोकमध्ये फांदीला करवत लावण्यापूर्वी लोक अजून त्यांच्या घराच्या दिशेने एकदा बघून घेत.

"ओकरानताई!" फाटकातूनच सुन्ये ओरडली. "आपली नूती चालली हो! बुंध्याला भोकं पाडलीत मेल्यानं. एका ओळीत, सुई टोचावी तशी!"

"कोणत्या मेल्यानं?"

"दुसरा कोण? तुमचा लाडका मा दोंगू!"

प्योबाईंनी झारी खाली ठेवली. मा दोंगू हा त्यांच्यानंतर शहराच्या झाडे-विभागाचा प्रमुख झालेला माणूस. दक्षिण किनाऱ्याकडचा, चाळिशी ओलांडलेला, बोलण्यात संकोची. त्या जागेवर त्याला प्योबाईंनीच हट्टाने बसवले होते.

"चला, बघू या," त्या म्हणाल्या. "आधी टोपी घालते. एवढ्या थोराच्या समाचाराला उघड्या डोक्यानं जात नाहीत."

दोघी निघाल्या. वाटेवर दुतर्फा नूतीच होत्या, आणि त्या साऱ्या थोरल्या नूतीच्या बियांपासून वाढवलेल्या. युद्ध संपले तेव्हा भोवतालचे डोंगर हजामत केल्यासारखे बोडके झाले होते. चुलीसाठी शहराने कुंपणेसुद्धा जाळली होती. त्या थंडीतही थोरल्या नूतीला कोणी कुऱ्हाड लावली नाही. पुढे तिचे बी वेचून शहरातल्या बायकांनी वाफे केले, आणि डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहून रस्त्यांना सावली आणली. आज दाल्गोकमध्ये उन्हाळ्याच्या भर दुपारी टपाल वाटणारा माणूससुद्धा सावली न सोडता सबंध शहर हिंडतो. हे वैभव आभाळातून पडलेले नाही, हे प्योबाई प्रत्येक नव्या नगराध्यक्षाला ऐकवीत आल्या होत्या.

थोरली नूती रस्ता आणि समाजगृहाचे अंगण यांच्या मधोमध उभी होती. तिच्याभोवती गर्दी जमली होती. प्योबाई आल्या तशी ती दुभंगली.

वसंताचे शेवटचे दिवस होते. झाड हिरवे गच्च असायला हवे होते. रस्त्याकडची बाजू तशी होतीही. अंगणाकडच्या अर्ध्या डोलाऱ्यावर मात्र पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरमडल्या होत्या, जणू प्रत्येक पान कोणी मेणबत्तीवर धरून काढले होते. खाली दोन्हीकडची माती ओली होती, कारण दोंगूने पहाटेच पाणी घातले होते. अंगणाकडच्या ओलीवर काळ्यापिवळ्या फुलपाखरांचा थवा पंख मिटून बसला होता. रस्त्याकडच्या ओलीवर एकही नव्हते.

"आम्ही बायकांनी हिवाळ्यात तिला आईच्या मायेनं धुवण पाजलं," सुन्ये गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि या पठ्ठ्यानं दारू पाजून, वर टोचून मारली! आज उन्हं कलली की अंगणात सभा आहे. त्याला काढायचा ठराव मी मांडलाय. महिला मंडळाच्या सगळ्या सह्या आहेत."

"माझी सही कुठाय?"

सुन्येने नजर झाडाकडे वळवली. "तुमच्यासाठी पहिली ओळ कोरी सोडलीय, ताई."

२

अंगणाच्या मागल्या बाजूला शहराची रोपवाटिका होती. तिथे कुंड्यांच्या रांगांमध्ये मा दोंगू उकिडवा बसला होता. हातात खुरपे होते, पण काम काही चालले नव्हते.

"उठा," प्योबाई म्हणाल्या.

तो उठला. डोळे तांबारले होते. "बाई, मीच मारलं असेन तिला."

"असेन म्हणजे? मारणाऱ्याला तरी नक्की माहीत असायला हवं. ती भोकं कसली?"

"दोन वर्षांमागं किडीचं औषध टोचलं होतं, त्याची."

"ते मी पाहिलंच. भोकाच्या कडेनं साल वाढून ओठ मिटत आलेत. यंदाची जखम असती तर ती उघडी असती. सुन्येनं आज प्रथमच वाकून पाहिलं म्हणून ती आज पडली असं होत नाही. आता दारूचं सांगा."

दोंगूने सांगितले. वसंत लागला की थोर झाडांना तांदळाची पांढरी दारू पाजायची ही दाल्गोकची जुनी रीत. दारूत तेवढेच पाणी मिसळायचे, आणि बुंध्यापासून दूर, जिथवर फांद्यांची सावली पडते तिथे गोल फिरून ओतायची. यंदाही तसेच केले होते. दारू दिली, पाने उमलली, आणि पुढे करपू लागली.

"पाणी कमी पडलं असेल का, याच विचारानं मला झोप नाही, बाई. भट्टीवाल्या बोंग दादांनी दारू मापानं दिली. मिसळली मी."

"सगळ्या बाजूंनी ओतलीत?"

"सगळ्या. प्रदक्षिणा घालतो ना आपण."

"मग तिनं काय अर्ध्याच अंगानं प्यायली?"

दोंगूने मान वर केली. हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. भयाने माणसाची बुद्धी बसते, आणि या माणसाच्या मानेवर आज सबंध शहर बसले होते. नोकरी गेली तर तिच्याबरोबर समाजगृहामागचे बिऱ्हाडही जाणार होते. पण तो बघत होता कुंड्यांकडे. थोरल्या नूतीची ती नवी रोपे शरदात नदीपलीकडच्या नव्या वस्तीत लावायची होती. त्याच्या जागी येणारा ती लावीलच याची खात्री नव्हती.

"नीट आठवा," प्योबाईंनी आवाज खाली आणला. "दारू पाजली त्या दिवशी कळ्या कशा होत्या?"

"रस्त्याकडच्या फुटल्या होत्या. अंगणाकडच्या..." तो थबकला. "अंगणाकडच्या मिटलेल्या होत्या. मला वाटलं, समाजगृहाच्या सावलीनं उशीर झाला."

"दरवर्षी होतो उशीर?"

"नाही." त्याचा चेहरा बदलला. "कधीच नाही."

"म्हणजे दारू यायच्या आधीच ती बाजू आजारी होती. हिवाळ्यात काय काय केलंत इथं?"

"शरदात अंगणाच्या बाजूनं चर खणला, खतासाठी. रस्त्याकडं फरसबंदी आहे, तिथं खणता येत नाही. बायकांना म्हटलं, धुवण गटारात सोडू नका, चरात ओता, झाड दुवा देईल. मग मी डोंगरावर वणव्याच्या पहाऱ्याला गेलो. वसंतात उतरलो, चरात पानांचं खत भरलं, बुजवला."

यात प्योबाईंना खोड काढण्यासारखे काही दिसले नाही. तांदळाचे धुवण झाडांना घालणे ही त्यांच्याही आजीची रीत होती.

"म्हणजे तुम्ही डोंगरावर होतात," त्या सावकाश म्हणाल्या, "तेव्हा कोणीतरी इथं येऊन गेलं."

३

थोरल्या नूतीवर राग धरण्याचे उघड कारण दाल्गोकमध्ये एकीलाच होते. ताक यॉन्जू हिचे कॉफीचे दुकान बरोबर समोर, रस्त्यापलीकडे होते, आणि पाने फुटली की तिची पाटी फांद्यांआड जाई. फांद्या छाटा म्हणून तिने नगरपालिकेकडे वारंवार तक्रार केली होती.

प्योबाई दुकानात शिरल्या, तो तिथे बोंग छिल्संग आधीच तावातावाने बोलत होता. त्याची दारूची भट्टी शहरात सगळ्यांत जुनी, आणि त्याचा आवाज भट्टीहून मोठा.

"माझ्या दारूनं झाड मेलं म्हणे! प्योबाई, माझा बाप ती रोज प्यायला आणि नव्वदीत सायकलवरून पडून गेला. दारूनं नव्हे, सायकलनं!"

"छिल्संग, त्याच पिंपातली दारू दुसऱ्या कुठल्या झाडाला दिली?"

"माझ्या दारातल्या दोन्ही नूतींना. या, बघा, म्हशीसारख्या माजल्यात."

"मग घरी जा आणि त्यांच्या सावलीत बस. तुझं नाव कोणी घेणार नाही."

तो गेल्यावर यॉन्जूने न सांगताच खुर्ची पुढे केली.

"आजी, लोक आत यायचे थांबलेत. आज सकाळीच एक बाई दारातून म्हणाली, खुनी बाईची कॉफी नको."

"तू झाडाला काही केलंस का?"

यॉन्जूने पुसलेला कप पुन्हा पुसला. "हो," ती अखेर म्हणाली. "हात लावलाय मी त्या झाडाला."

बोलणारा स्वतःहून बोलत असला की त्याच्या वाटेत शब्द टाकू नयेत, हे प्योबाई झाडांकडून नव्हे, सासूकडून शिकल्या होत्या.

"गेल्या उन्हाळ्यात उन्हाचा नुसता लोळ उठला होता," यॉन्जू म्हणाली. "माझं थंड हवेचं यंत्र बंद पडलं, दुकानात बसवेना. मी गिऱ्हाइकांच्या खुर्च्या उचलून नूतीखाली मांडल्या. आजी, तिथं वारा होता! त्या उन्हाळ्यात दुकान जेवढं चाललं तेवढं कधी चाललं नव्हतं. मग मला माझ्या तक्रारींची लाज वाटली. तेव्हापासून कॉफीचा चोथा मी तिच्या मुळाशी टाकते. कुणाला कळू न देता. वाटलं, हसतील. आणि आता वाटतं, त्यानंच..."

"चोथा कुठल्या बाजूला टाकतेस?"

"या बाजूला, रस्त्याच्या. फरसबंदीत आळं ठेवलंय ना, त्यात."

"ती बाजू हिरवी आहे, पोरी. पुढच्या वेळी जाड थर देऊ नकोस, बुरशी येते. आणि चोरून प्रेम करू नकोस. या वयात तरी शोभत नाही."

यॉन्जू रडता रडता हसली. प्योबाई मात्र दारात थांबल्या. एकामागून एक सगळे निर्दोष ठरत होते आणि झाड मरतच होते. रस्त्यापलीकडे, अंगणाच्या ओल्या मातीवर, तो फुलपाखरांचा थवा अजून तसाच होता. फूल नाही, फळ नाही. मग ती काय पीत होती?

४

"खणा," प्योबाई म्हणाल्या. "इथं, फुलपाखरांच्या जागी. आणि खुरप्यानं नको. हातानं. मूळ दुखवू नका."

दोंगूने बोटांनी माती उकरली. वरचे खत काळे, भुसभुशीत, नाव ठेवायला जागा नाही असे होते. त्याखाली मात्र जुन्या चराच्या तळाशी माती चिकट आणि मुकी झाली होती. तिच्यातली बारीक मुळे, जी पांढरी असायला हवीत, ती भिजलेल्या सुतळीसारखी तपकिरी हाताशी आली.

प्योबाईंनी तळातली चिमूटभर माती घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"बाई!" दोंगू ओरडला. "विष असलं तर?"

त्यांनी माती थुंकली, रुमालाने ओठ टिपले आणि रस्त्याकडच्या आळ्यातली दुसरी चिमूट मागितली. तीही चाखली.

"ही माती आहे," त्या दुसरीविषयी म्हणाल्या. "आणि ती," पहिलीकडे बोट दाखवून, "खारट आहे."

दोंगू ताडकन उठला. "मीठ! बर्फावर टाकतात ते! ताकबाई दुकानासमोर रोज टाकतात, पोतीच्या पोती!"

"टाकते. रस्त्यावर. आणि रस्त्याकडची बाजू कशी आहे?"

त्याने मान वर करून हिरव्या फांद्यांकडे बघितले.

"मीठ काही रस्ता ओलांडून, बुंध्याला वळसा घालून अंगणात येत नाही, मा साहेब. पान कडेपासून आत करपलं, कळी उशिरा फुटली, फुलपाखरं खारट ओल चोखायला जमली. तिन्ही एकच गोष्ट सांगतात, आणि मी सकाळपासून ऐकत नव्हते. हे मीठ इथंच, या चरात आलं. हिवाळ्यात, भरपूर, पाण्यात विरघळून. मूठभर फेकलेलं नव्हे."

"पण असं मारायला एवढं मिठाचं पाणी कोण वाहून आणील? लोकांना दिसल्याशिवाय राहील का?"

प्योबाईंनी समाजगृहाकडे मान वळवली. समाजगृहाच्या स्वयंपाकघरातून लसणाचा वास येत होता. महिला मंडळाची दुपारची पंगत मांडली जात होती, आणि सुन्ये दारातून हाका मारीत होती.

५

"बसा, ताई, बसा. रिकाम्या पोटानं न्याय होत नाही."

सुन्येने भात वाढला, सोयाबीनची आमटी वाढली, आणि मग दोन्ही हातांनी, देवापुढे ठेवावी तशी, आंबवलेल्या कोबीच्या किमचीची बशी पुढे ठेवली. दर हिवाळ्याच्या तोंडाशी महिला मंडळ एकट्या म्हाताऱ्यांसाठी डोंगराएवढी किमची घालीत असे. सुन्येच्या हाताखाली ती घालायला मिळणे हा दाल्गोकमध्ये मान होता, आणि तिच्या डोळ्यांसमोर कोबीचे एक पान नीट न धुणे हा गुन्हा.

"यंदा बेताची आंबलीय," प्योबाई म्हणाल्या. "मीठ अचूक."

"अचूक असणारच. रात्रभर खारवायचा कोबी, सकाळी तीन पाण्यांतून काढायचा. पहिल्या पाण्यात हात घातला तर हाताची साल निघते, एवढं मीठ. तिसऱ्यात गोड लागला पाहिजे. सुना कंटाळतात. मी म्हणते, कंटाळा आला तर माहेरी जा, पण दुसऱ्या पाण्यावर थांबू नका."

पंगतीत हशा पिकला.

"दरवर्षी नदीकाठी धुता ना?"

"यंदा घाट दुरुस्तीला काढलेला. मग इथंच, अंगणात धुतला. नळ आहे, जागा आहे. आणि एक बरंच झालं..." सुन्ये उत्साहाने पुढे झाली. "पाणी वाया नाही गेलं."

प्योबाईंच्या हातातल्या जेवणाच्या काड्या बशीच्या वर अधांतरी राहिल्या.

"धुवण," त्या हळूच म्हणाल्या.

"हो ना! साहेबानंच सांगितलं होतं, धुवण चरात ओता. एवढे टब आम्ही उचलून उचलून नेले, कंबरा मोडल्या. गटार दोन पावलांवर होतं, पण म्हटलं, नूतीसाठी करायचं." तिने सुस्कारा सोडला. "आणि एवढं करून त्यानं तिला दारू पाजली."

पंगत पुन्हा बोलू लागली. प्योबाईंनी घास संपवला, बशीतले शेवटचे पानसुद्धा टाकले नाही, कारण अन्नाचा दोष नव्हता. सगळे त्यांना कळले होते. सुन्येला अजून कळलेले नव्हते. किंवा कळू नये म्हणून तिने मनाच्या एका खोलीला कडी घातली होती. गुन्हा उघडा करणे अवघड नसते. गुन्हेगाराला उभे राहायला जागा ठेवून तो उघडा करणे, हे घर चालवलेल्या बाईलाच जमते.

"सुन्ये," उठताना त्या म्हणाल्या, "सभेत पुढं बस. मला ऐकायला कमी येतं, तुझा आवाज जवळ हवा."

त्यांना ऐकायला मुळीच कमी येत नव्हते, आणि हे सुन्येइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

६

उन्हे कलली. अंगण भरले. नगराध्यक्षाने घसा साफ केला, ठराव वाचला आणि दोंगूला विचारले, काही सांगायचे आहे का. दोंगू उभा राहिला, वाकला, आणि म्हणाला, "झाड माझ्या राखणीत होतं." एवढेच.

"मला आहे सांगायचं," प्योबाई म्हणाल्या, आणि कोणी परवानगी देण्याची वाट न पाहता पुढे झाल्या.

त्यांनी भोके निकालात काढली. दारू निकालात काढली, बोंग छिल्संगने मागून "ऐका!" अशी आरोळी ठोकली. ताक यॉन्जूला नाव घेऊन उभे केले आणि तिच्या कॉफीच्या चोथ्याची गोष्ट सर्वांसमक्ष सांगितली, तेव्हा सकाळी तिला खुनी म्हणालेली बाई आपल्या चपलांकडे बघू लागली.

"नूतीला मिठानं मारलं," प्योबाई म्हणाल्या. "हिवाळ्यात. या चरातून. आणि मारणाऱ्यानं ते लपवलं नाही, कारण त्याला ते मारणं वाटलंच नाही. मा साहेब, तुमच्या गावाकडं धुवण कशाला म्हणतात?"

दोंगू गोंधळला. "तांदळाच्या पाण्याला. दुसरं कशाला म्हणणार?"

"आणि कोबी खारवून धुतला, तर त्या पाण्याला?"

"खारवणी. आमच्याकडं ते झाडाच्या जवळपाससुद्धा..." तो वाक्याच्या मध्येच थांबला.

"दाल्गोकमध्ये तांदूळ धुतला तरी धुवण, कोबी धुतला तरी धुवण," प्योबाई म्हणाल्या. "आम्हाला एकच शब्द पुरतो. मला स्वतःला हे दुपारपर्यंत सुचलं नाही. मा साहेबांनी तो शब्द उच्चारला नेमका किमची घालायच्या आठवड्यात. पुढं काय झालं ते मी सांगणार नाही. ज्यांनी टब उचलले त्यांना माहीत आहे."

मंडळाच्या बायका एकमेकींकडे बघायला घाबरत होत्या. हाताखालच्या एखादीवर ढकलून सुन्येला सहज सुटता आले असते. टब उचलणारे हात पुष्कळ होते.

सुन्ये उभी राहिली. आधी तिने ओढणीची गाठ सोडली, मग पुन्हा बांधली.

"मी ओतलं," ती म्हणाली. "यांनी नाही, यांना मी लावलं. पहिला टब ओतताना माझ्या मनात आलं होतं, खारट पाणी झाडाला कसं चालेल? पण साहेब म्हणालाय म्हटल्यावर विचारायला गेले नाही. विचारलं असतं तर मला येत नाही असं दिसलं असतं ना!" ती दोंगूकडे वळली. "आणि पानं करपली तेव्हापासून मी दारू दारू करत सुटले. आधी कोणीतरी माझं तोंड धरायला हवं होतं."

"शब्द माझा होता, अध्यक्षबाई," दोंगू घाईने म्हणाला. "कुठलं धुवण ते मी सांगितलं नाही. बघायलाही उतरलो नाही."

"तुम्ही गप्प बसा, साहेब! माझा गुन्हा आहे, तुम्ही कशाला ओढून घेता?"

"पण अध्यक्षबाई..."

"अहो, मग काढायचं कोणाला?" नगराध्यक्ष काकुळतीने म्हणाला. त्याच्या हातात ठराव लटकत होता.

सुन्येने तो त्याच्या हातून घेतला, चौघडी केली आणि कमरेला खोचला. "कोणाला नाही. मी मांडला, मी उचलला."

"दोष कोणाचा ते पुढच्या हिवाळ्यात भांडा," प्योबाई म्हणाल्या. "तेव्हा वेळ असतो. आत्ता झाडाला पाणी लागतंय. मा साहेब, तुमचं झाड आहे. सांगा यांना."

दोंगू चराच्या काठाशी गेला, आणि सकाळपासून हरवलेला त्याचा आवाज त्याला सापडला. चर उघडायचा, पण हाताने. खारी माती टोपल्यांनी काढून शहराबाहेर न्यायची. शेतकऱ्यांकडचे जिप्सम उरलेल्या मातीत मिसळायचे, म्हणजे मीठ सुटेल. मग पाणी. एकदम नाही, मुरू द्यायचे, पुन्हा घालायचे, मीठ मुळांच्या खाली उतरेपर्यंत. बंब मागवावा, पण बंब येईपर्यंत थांबू नये.

थांबलेही कोणी नाही. बोंग छिल्संगने भट्टीतून पिंपे आणवली. यॉन्जूने दुकान बंद केले आणि नळाला नळी जोडली. नगराध्यक्षाने कोट काढून फांदीला अडकवू पाहिला, तेव्हा प्योबाईंनी त्याच्याकडे असे बघितले की त्याने तो खुर्चीवर ठेवला. टोपल्यांची रांग अंगणातून फाटकापर्यंत लागली. युद्धानंतर ज्यांच्या सासवांनी हंडे वाहिले होते त्या बायका त्या रांगेत होत्या, आणि त्यांच्या सुना होत्या. प्योबाई काठी टेकून ते बघत होत्या. पुष्कळ शहरांत झाडे आहेत. झाडामागे असे उठणारे शहर त्यांनी दुसरे पाहिले नव्हते.

"ताई," सुन्ये शेजारी येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल होता. "खरं सांगा. जगेल?"

"रस्त्याकडची बाजू जगेल. ही बाजू सांगवत नाही. बऱ्याच फांद्या काढाव्या लागतील. पण नूतीचं अर्धं म्हणजे पुष्कळ असतं, सुन्ये."

"अर्धं कशाला?" सुन्येने ओढणीच्या टोकाने नाक पुसले. मग तिची नजर दोंगूवर गेली. तो चराकाठी उभा होता, दोन्ही हात बाजूला सोडून, त्या रांगेकडे एकटक बघत.

"अहो साहेब!" ती त्याच्यावर ओरडली, आणि सगळ्या अंगणाने वळून बघितले. "नोकरी राहिली ती काय असं उभं राहून बघायला? उतरा खाली! आणि मुळं कुठली धरायची, कुठली नाही, हे नीट सांगत जा. एकेक शब्द, फोड करून. मी विचारणार आहे."

दोंगू चरात उतरला. सुन्ये त्याच्या पाठोपाठ उतरली आणि विचारू लागली.